गाइडच्या गोष्टीतला थोरला भाऊ

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरी गेल्या. घर पुन्हा माझ्या एकटीचं. पितळेची भांडी पुसून माळ्यावर टाकली, टेकले, तेवढ्यात निर्मलाचा मेसेज. निर्मला म्हणजे शेजारीण, आमच्या भिशीची म्होरकी आणि माधवनगरच्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येकीच्या रविवारची मालकीण. "एक दिवसाची गाइडेड सहल. लॅव्हेंडर व्हॅली आणि डोंगरघळी. २२ तारीख. सगळ्यांची नावं मी दिलेली आहेत, कुणी नाटकं करायची नाहीत."

आपल्याकडे लॅव्हेंडर कुठून आलं, म्हणून खाली वाचत गेले. सातारा जिल्हा, मेढ्याच्या वरचं पठार. आमचं गाव. फोटोत जांभळा उतार, तोही आमचाच. कारवी आहे ती. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. आमची आई वयं तिच्यावर मोजायची. मी फुलाच्या सालची.

शेवटची ओळ : स्थानिक मार्गदर्शक, माजी हवालदार सर्जेराव.

माझा सख्खा धाकटा भाऊ. नऊ वर्षं माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

१३ सप्टेंबर, शुक्र.

हे मी कधी लिहिलं नाही. आता लिहून टाकते. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद टाइप केले, स्वतःचा एक असू दे.

दादांचं, म्हणजे वडिलांचं, तेरावं. पंगत उठली होती, भावकी पडवीत पान खात बसली होती. सर्जाने कागद आणला, पेनचं टोपण काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. "आक्का, हितं सही कर." हक्कसोड. म्हणजे वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावाला सोडते, एवढंच. आमच्याकडे सगळ्या बहिणी करतात. सही करायची, साडी घ्यायची, दरवर्षी माहेरी यायची वाट मोकळी ठेवायची. साडी ताटात आणून ठेवलेलीही होती, हिरवी, काठाची. मला काहीही नको होतं. मी फक्त म्हणाले, "वाचते आणि करते."

एवढंच. देवाशपथ एवढंच.

सांगलीत नोंदणी ऑफिससमोर एका दस्तलेखकाकडे मी एकतीस वर्षं टायपिस्ट होते. असे हक्कसोड शेकड्यांनी टाइप केले. न वाचता अंगठा पुढे करणाऱ्या म्हाताऱ्यांवर ओरडले. मला कागद दिसला की डोळे आपोआप पहिल्या ओळीवर जातात. त्या दिवशीही गेले.

सर्जा म्हणाला, "भावाचा कागद वाचून सही करणार व्हय तू?"

"कुणाचाही वाचूनच करते."

त्याने कागद ओढून घेतला. सगळ्या भावकीसमोर. "न्हाई पायजे तुझी सही. आजपासनं तू आमाला मेलीस." चुलते सुपारी कातरत होते ते कातरतच राहिले.

संध्याकाळच्या एसटीने आम्ही दोघं परत निघालो. हे वाटेत म्हणाले, "करून टाकायची होतीस सही, काय बिघडत होतं." हे जाऊन चार वर्षं झाली. ते वाक्य अजून गेलेलं नाही.

तेव्हापासून त्याने सही मागितली नाही, मी हिस्सा मागितला नाही. सातबाऱ्यावर माझं नाव त्याच्या नावाशेजारी बसून आहे. कागदावर आम्ही दोघं रोज एकत्र.

१८ सप्टें., बुध.

निर्मलाला म्हटलं, नाही येत, गुडघा दुखतो. ती म्हणाली, "यमुनाताई, गुडघा मंगळवारी मार्केटला जाताना नाही दुखत तो?" हिच्यापुढे वकील हरेल.

तो माझा भाऊ आहे हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर बसमध्ये सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघत बसतील. नाही सांगितलं तर मी एकटीच माझ्या तोंडाकडे बघेन. तेवढं चालेल.

२१ शनि.

जाणार आहे. का, ते मला विचारू नये. बूट काढले, पुसले. दोनदा साडी नेसून बघितली आणि पंजाबी ड्रेस घातला. माहेरी पंजाबी ड्रेस घालून कधी गेले नव्हते. पण मी माहेरी नाही, सहलीला चालले आहे.

२३ सप्टेंबर, सोमवार

काल आल्यावर हात चालेना. आज लिहिते.

पहाटे निघालो. मलकापूरला चहा, मेढ्याला नाश्ता. मेढ्याच्या पुढचा घाट मी डोळे मिटून सांगू शकते. कुठल्या वळणावर पोट ढवळतं तेसुद्धा. शेजारची बाई मला सांगत होती, "काय हो निसर्ग." मी हो हो म्हणत होते.

पठारावर गाडी थांबली. एक शेड, पत्र्याचं, पुढे फलक. सर्जा शिट्टी गळ्यात अडकवून उभा. मिशी सगळी पांढरी. डाव्या पायावर भार देत नव्हता, ते मला गाडीतूनच दिसलं. आम्ही एकेक उतरत होतो आणि तो मोजत होता. बारा, तेरा. चौदावी मी. "चौदा," म्हणाला. तोंडावरची माशी हलली नाही.

घळीत उतरायच्या आधी वहीत सही करायची असते. काही झालं तर जबाबदारी ज्याची त्याची, असं वर छापलेलं. सगळ्यांनी खाली वाकून भराभरा सह्या ठोकल्या. माझी पाळी आली तेव्हा त्याने वही माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "वाचून करा, मॅडम."

निर्मला हसली. "बघा, किती काळजी घेतात."

मी वाचली. सगळी, शेवटच्या ओळीपर्यंत. मागे रांग खोळंबली. मग सही केली.

दिवसभर मग मॅडम. मॅडम, डावीकडनं. मॅडम, दगड हलतोय त्यो, पाय नगा देऊ. मॅडम, जळू लागली तर मीठ हाय माझ्याकडं. बाकीच्या तेरा जणींना मावशी, ताई, काकी. मॅडम मी एकटीच. एकीने गंमत केली, "यमुनाताईंना बरं मॅडम म्हणतात हो, त्या दिसतातच ऑफिसर." तो म्हणाला, "व्हय, दिसत्यातच."

तो बोलतो चांगलं. हे मला माहीत नव्हतं. घरी असा कधी चार वाक्यं सलग बोलला नाही. पलटणीतलं हिंदी मध्येमध्ये. सिंगल फाइल. कोई पीछे नहीं रहेगा. कारवीला सरळ लॅव्हेंडर म्हणतो. निर्मलाने विचारलं, खरं नाव काय, तर म्हणाला, "खरं नाव कारवी. पर त्या नावानं कोण गाडी करून येत न्हाई." यावर सगळ्या हसल्या. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर.

घळ तशीच आहे. दोन्हीकडे काळे कडे, मध्ये माणूसभर वाट, खाली गार पाणी घोट्याला. अर्ध्यावर एक उंच पायरी आहे, नुसता दगड, तिथे दोर बांधलाय आता. तिथे त्याने सगळ्यांना थांबवलं आणि गोष्ट सुरू केली. प्रत्येक गाडीला सांगत असणार, अशी घोटवलेली.

"आमची आई हितनं खाली उतरून कारवी तोडायला जायची. वाळक्या कारवीच्या काटक्या, त्याच्या कुडाच्या भिंती आमच्या घराला. आमी दोघं भाऊ तिच्या मागनं. थोरला लय हुशार आन् लय धीट. मी ह्या हितं बसून रडायचो. उतरायला भ्यायचो. तर त्यो आदी उतरायचा आन् खालनं म्हणायचा, माझ्या पावलाव पाऊल टाक, पाण्याकडं बघू नगंस. पुढं आर्मीत मी डोंगर चढलो, बर्फ चढलो. पर उतरायला शिकवलं ते त्यानं."

आम्ही दोघंच. भाऊ नव्हता आम्हाला दुसरा. ते मी होते. परकर खोचून उतरायचे आणि खालून ओरडायचे, तेच शब्द.

निर्मलाने विचारलं, "कुठे असतात आता थोरले बंधू?"

"सांगलीकडं असतो."

"अगंबाई, आमच्याकडेच की. येतात का इकडे?"

"न्हाई येत." शिट्टी वाजवली. "चला, सिंगल फाइल."

मी दोराला हात लावला नाही. उतरले. चौसष्टाव्या वर्षी, बूट घालून. पाय बरोबर त्या त्या खाचेत पडले. वर बघितलं तर तो माझ्या पावलांकडे बघत होता. मी बघितल्यावर दुसरीकडे बघायला लागला.

घळीतून बाहेर आलं की उतार. जांभळा, वरपासून ओढ्यापर्यंत, मधमाश्यांचा नुसता आवाज. गेल्या बहराला मी आले नव्हते, भांडणानंतरचं पहिलंच वर्ष होतं. इतकं सुंदर होतं की मला राग आला. बायका फोटो काढायला फुलांत शिरल्या. सर्जा ओरडला, "आत न्हाई जायचं, खासगी जमीन हाय." एकीने विचारलं, कुणाची. तो म्हणाला, "दोघांची हाय. वाटणी व्हायची हाय."

जेवण त्या शेडमध्येच. चुलीवर शालन, म्हणजे त्याची बायको. भाकरी, पिठलं, ठेचा. वाढत वाढत माझ्यापाशी आली आणि थबकली. हातातली भाकरी तशीच. मग दुसऱ्या हाताने पदर डोक्यावर ओढला, थोरल्या नणंदेसमोर घेतात तसा, भाकरी वाढली आणि पुढे गेली. निर्मला माझ्या कानात म्हणाली, "अजून किती रीत आहे बघा या लोकांत." मी पिठलं कालवत राहिले. मीठ बरोबर होतं. आईच्या हातचंच वळण.

निघताना सगळ्या जणी त्याच्याशी फोटो काढत होत्या. मी गाडीत जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर झोपेचं सोंग घेतलं. नऊ वर्षं मला वाटत होतं, त्याने मला पुसून टाकलंय. पुसलेलं नाही. भाऊ करून ठेवलंय. येईल त्या गाडीला सांगतो माझी गोष्ट, परक्या माणसांना, कौतुकाने. बहीण म्हटलं की लोक विचारणार, दिली कुठे, सणाला आणता का. भाऊ आला नाही तर कोणी काही विचारत नाही.

आणि मी खरंच भाऊ असते तर त्या तेराव्याला टोपण काढलेलं पेन माझ्यापुढे आलं असतं का? भावाला कुणी हक्क सोड म्हणत नाही. कराडपर्यंत हेच डोक्यात.

२४ मंगळ.

ग्रुपवर एकशे चाळीस फोटो. एकात मी दगडावरून उतरताना, वर सर्जा. निर्मलाने खाली लिहिलंय, "आमच्या धाडसी यमुनाताई आणि गाइड काका." सगळ्यांचे अंगठे आलेत. मीही अंगठा दिला. काय करणार.

फोटोत त्याचा हात पुढे आलेला आहे. मी पडले तर धरायला असावा तसा. उतरताना मला दिसला नव्हता.

२८ सप्टें., शनि.

दुपारी अनोळखी नंबर. "आक्का, शालन बोलतीय."

नऊ वर्षांनी. मी म्हणाले, "पिठलं चांगलं झालं होतं."

ती रडायलाच लागली. मग म्हणाली, "त्या दिवशी वळकलं न्हाई असं समजू नगा. ते बघत हुते म्हून पदर घेतला, दुसरं काय करणार हुती मी."

मग मुद्द्यावर आली. सगळं गाव खोल्या बांधतंय, पाहुणे राहायला येतात. यांना बांधायच्या तर बँक म्हणते, सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमती आणा, नाहीतर नाव कमी करून आणा. "ह्यांचा गुडघा पार गेलाय, आक्का. डॉक्टरनं सांगितलंय, घळीत उतरायचं बंद करा. रोज दोन येळा उतरत्यात. घरी आल्याव पाय बादलीत घालून बसत्यात. खोल्या झाल्या तर बसून तरी खातील."

मी विचारलं, "त्याने सांगितलं का फोन करायला?"

"न्हाई. त्यास्नी कळलं तर मला घरात घेयाचं न्हाईत."

"मग त्याने विचारावं."

"ते मेलं तरी इचारायचं न्हाईत. तुमी मेला तरी द्यायच्या न्हाई. म्हून तर मी इचारती."

बाई कधी तोंड वर करून बोलली नव्हती. बरोबर बोलली.

१ ऑक्टोबर, मंगळ.

तीन दिवस भांडतेय, एकटीच, दोन्ही बाजूंनी.

द्यावी. मला काय करायचीय जमीन. मुलगा पुण्यात, त्याला कारवी आणि कण्हेर कळत नाही. सर्जाचा पाय मी बघितलाय.

का द्यावी. एक शब्द, एकच, "आक्का" एवढा जरी त्या दिवशी म्हणाला असता. तेरा बायकांसमोर नको, दगडामागे म्हणायचं. मॅडम म्हणे.

आणि तिसरी गोष्ट, ती लिहायला लाज वाटते. नऊ वर्षं मला ती जमीन नको होती. खरंच नको होती. सहलीत तो उतार बघितला आणि आता हवीशी वाटते. विकायला नाही, बांधायला नाही. नुसती माझ्या नावावर. पुढच्या बहराला बहात्तर वर्षांची असेन मी, असले तर. तेव्हा तिथे "खासगी जमीन हाय" म्हणून मला कुणी बाहेर उभं करू नये एवढ्यासाठी.

हव्याशा झालेल्या वस्तूची मागणी नेमकी आत्ताच यायची होती. नको होती तेव्हा वाचून लगेच दिली असती.

५ ऑक्टोबर, शनि.

माझ्या जुन्या ऑफिसात गेले. साहेब गेले, आता त्यांचा मुलगा बघतो. म्हटलं, एक कागद करायचाय, मीच करते. त्याने खुर्ची दिली. की-बोर्ड तोच, "ळ" चं बटन अजून अडकतं.

हक्कसोडपत्र. लिहून देणार, यमुना. लिहून घेणार, सर्जेराव. कारणे हक्कसोडपत्र लिहून देते ऐसाजे. बोटं आपोआप चालली. "सदर मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क मी माझे बंधू यांचे लाभात स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय..."

इथे थांबले. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा टाइप केलं, त्यातल्या किती जणी खुशीत होत्या? बाकड्यावर बसलेल्या असायच्या, डोळे पुसत, भाऊ शेजारी घड्याळ बघत. मी विचारायचे, "स्वखुशीने ना?" त्या मान हलवायच्या. मी एंटर मारायचे. माझं काम संपलं.

मग चतुःसीमा. पूर्वेस ओढा. पश्चिमेस घळीची कड. दक्षिणेस गावचे गायरान. उत्तरेस चुलत्यांची हद्द. सगळ्यांच्या कागदात ही ओळ नुसती भरायची असते. इथे प्रत्येक दिशेला माझे पाय गेलेले. ओढ्यात आईचा विळा पडला होता. पश्चिमेच्या कडेवर सर्जा रडत बसायचा.

एकदा असं टाइप केलं : "कारवीचा उतार वगळून." वाचलं. चांगलं दिसत होतं. मग त्याच्या खोल्या कुठे होणार, उतारासमोरच होणार ना, लोक तो बघायलाच येणार. खोडलं. परत टाइप केलं, परत खोडलं. साहेबांचा मुलगा म्हणाला, "काकू, काही अडलंय का?" म्हटलं, नाही, "ळ" अडकतोय.

शेवटी संपूर्ण हक्क असाच ठेवला. घरी आणलाय. सही केलेली नाही. ती तिकडे जाऊन, अधिकाऱ्यासमोर करायची असते, दोघांनी हजर राहून. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. दोघांनी हजर राहून.

९ ऑक्टो., बुध.

शालनला फोन केला. म्हटलं, कागद तयार आहे, सर्जाला सांग. बराच वेळ पलीकडे भांड्यांचाच आवाज. मग परत आली, "सोमवारी म्हणत्यात. अकराला. तालुक्याच्या हापिसात."

"आणखी काय म्हणाला?"

"काय न्हाई. उठून बाहेर गेले."

निर्मलाला सांगितलं एकदाचं, की गाइड माझा भाऊ. तिने तोंडाला हात लावला. मग म्हणाली, "आणि तो थोरला भाऊ, सांगलीचा?" ती हळूहळू समजली. माझ्याकडे चहा टाकून प्यायली आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता घरी गेली.

१४ ऑक्टोबर, सोमवार. सातारा, स्टँडजवळचा लॉज

दसरा झाल्यावरचा पहिला कामाचा दिवस, ऑफिसात ही गर्दी. पावणेअकराला मेढ्याला पोचले. सर्जा आधीच बाकावर. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल, पाठ ताठ. शेजारी शालन. साक्षीदार म्हणून भावकीतले दोघं बाहेर तंबाखू मळत. त्यांनी मला नमस्कार केला. तेराव्याला पडवीत हेच दोघं पान खात बसलेले.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये शालन. तीन-साडेतीन तास. शालन मला विचारायची चहा घेता का, मग त्याला विचारायची. तो मला काही विचारत नव्हता, मी त्याला. एकदा त्याने पाय लांब केला आणि तोंड वाकडं झालं. गुडघ्याला गरम पट्टा बांध, एवढं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. शालनकडून सांगवलं असतं तरी चाललं असतं. नाही सांगितलं.

आमचा नंबर आला. खिडकीपलीकडे मुलगी, पंचवीस-सव्वीसची, कामाला चटपटीत. आधार घेतले, फोटो घेतले. पडद्यावर आम्ही दोघं शेजारीशेजारी आलो. दोघांची नाकं सारखी. तिने विचारलं, "नातं काय?"

तो माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होता.

"काका, नातं सांगा, रकान्यात भरायचंय."

"बहीन."

"सख्खी?"

"सख्खी. थोरली."

तिने भरलं. मग माझ्याकडे वळली. "मावशी, स्वखुशीने सोडताय ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?"

विचारावंच लागतं त्यांना. मी बाहेरच्या बाकावर किती जणींना शिकवून आत पाठवलं, हो म्हणा, मोठ्याने म्हणा. मी तोंड उघडलं. हो आलं नाही. नाहीही आलं नाही. ती थांबली, सर्जा थांबला, मागचा साक्षीदार खाकरला. किती वेळ गेला माहीत नाही, आणि लाईट गेली. पंखे थांबले, पडदा काळा. अर्धा तास वाट बघितली, मग आतून निरोप आला, आज नाही, उद्या अकराला या.

लाईट गेली म्हणून राहिलं, असं भावकी म्हणाली. राहिलं त्याच्या आधीच होतं. ते मला माहीत आहे आणि सर्जाला.

बाहेर आलो. शालन चपला शोधत मागे राहिली. तो मोटरसायकलजवळ उभा, किल्ली हातात फिरवत. मी पिशवी खांद्याला लावली. तेव्हा म्हणाला, जमिनीकडे बघून :

"आक्का, उद्या येशील न्हवं?"

नऊ वर्षं या शब्दासाठी अडून बसले होते. वाटलं होतं, ऐकला की रडू येईल. आलं नाही. म्हटलं, "बघते."

मग उभी राहिले. तीन वाजले होते. इथून घर बारा किलोमीटर वर. माझं नाव असलेलं घर. तो "घरी चल" म्हणेल म्हणून मी उभी होते, त्यालाही ते कळत होतं. त्याने तोंड उघडलं, मग किक मारली. इंजिनाच्या आवाजात म्हणाला, "साताऱ्याची गाडी साडेतीनला हाय." शालन मागे बसली. वळणापर्यंत मान वळवून माझ्याकडे बघत होती.

लॉजची चादर ओली वाटते. वाटाण्याची भाजी मागवली, अर्धी टाकली.

आज आक्का म्हणाला. मला म्हणाला की सहीला, ते सही झाल्यावर कळेल. नंतर बारा महिन्यांनी मी त्याच्या दारात गेले आणि त्याने "या मॅडम" म्हटलं, तर माझ्या हातात कागद नसेल, काही नसेल. आणि सही नाही केली तर हा शब्दही आजच्यापुरताच, त्याचा पाय त्या घळीत आणि दोष माझा. सही न करता कळून घ्यायची सोय नाही. एकतीस वर्षांत असा कागद मी पाहिला नाही.

स्टँडवर जाऊन विचारून आले. मेढ्याला जाणारी गाडी साडेनऊला आहे, सांगलीची सव्वानऊला.